कै. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली पुष्कळदा अशी समजूत होते की, थोरपणाची चिन्हे त्यांच्या अंगी बाळपणापासूनच दिसत असली पाहिजेत. वर्गात त्यांचा पहिला नंबर असेल, गुरुजन त्यांच्यावर प्रसन्न असतील, आणि एकामागून एक पायऱ्या चढत ते कीर्तिशिखरावर पोहोचले असतील. ज्या पुरुषाचे अल्प चरित्र येथे द्यावयाचे योजिले आहे, त्याच्या आयुष्यात यांपैकी एकही गोष्ट घडली नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. वैद्यकाची सनद त्यास मिळाली ती कनिष्ठ प्रतीची. ज्या विद्यापीठात त्याने सुमारे सतरा वर्षे घालविली, तेथे त्यास कायमची जागा मिळाली नाही. असे असूनही, रक्ताच्या कर्करोगाने मरणोन्मुख झालेल्या मुलांस ज्या औषधाने प्रथम जीविताची आशा दाखविली, ते औषध याच पुरुषाच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले. हे पुरुष म्हणजे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होत.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम या गावी एका तेलुगु कुटुंबात झाला. वडील जगन्नाथम् हे सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. परंतु प्रकृती खालावल्यामुळे त्यांस मुदतीपूर्वीच नोकरी सोडावी लागली, आणि घरात खाणारी तोंडे तर पुष्कळ. लहानग्या सुब्बारावांचे चित्त पुस्तकात रमत नसे. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते घरातून पळून काशीच्या वाटेस लागले. तेथे यात्रेकरूंस केळी विकून पैसा मिळवावा असा त्यांचा बेत होता, असे सांगतात. आई वेंकम्मा ही मोठी करारी बाई होती. तिने मुलास परत आणून पुन्हा शाळेत बसविले. दोन वेळा अपयश येऊनही तिने त्यास शाळा सोडू दिली नाही. अखेर मद्रासच्या हिंदु हायस्कूलमधून तिसऱ्या खेपेस ते मॅट्रिक झाले.

पुढे कॉलेजात त्यांस गणिताची गोडी लागली. त्याच सुमारास रामकृष्ण मठातील साधूंच्या सहवासाने त्यांच्या मनात संन्यास घेण्याचे आले; परंतु आईने संमती दिली नाही. तेव्हा रोग्यांची सेवा हाही सेवेचाच मार्ग आहे असे मनाशी ठरवून ते मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. फीची तरतूद करण्यास मित्र धावून आले, आणि ज्यांची कन्या शेषगिरी हिच्याशी १९१९ साली त्यांचा विवाह झाला, त्या श्वशुरांनीही मोठे साहाय्य केले. ते दिवस राष्ट्रीय चळवळीचे होते. सुब्बारावांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा झगा खादीचा शिवून घेतला. ही गोष्ट शल्यशास्त्राच्या इंग्रज अध्यापकांस रुचली नाही. लेखी परीक्षेत चांगले यश मिळूनही सुब्बारावांस पूर्ण पदवी न मिळता एल. एम. एस. ही कमी दर्जाची सनद मिळाली, आणि सरकारी वैद्यकीय नोकरीचा दरवाजाही बंद झाला. मद्रासमधील एका आयुर्वेद विद्यालयात शरीरशास्त्र शिकविण्याचे काम तेवढे त्यांस लाभले.

याच काळात त्यांच्या घरावर मोठा घाला पडला. थोड्याच दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन भाऊ संग्रहणीच्या विकाराने दगावले. या रोगात आतड्यांची अन्न शोषून घेण्याची शक्ती नाहीशी होते. रोगी खातो, पण ते अंगी लागत नाही. रक्त पांढुरके पडते आणि देह झिजत जातो. वैद्य होऊ घातलेल्या सुब्बारावांस भावांकडे पाहत बसण्यापलीकडे काही करता आले नाही. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. ज्या रोगांवर उपाय नाहीत त्यांचे उपाय शोधावयाचे, हा निश्चय त्यांच्या मनात या दुःखातूनच दृढ झाला, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता वाटते.

अमेरिकेत जाऊन उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करावा, अशी त्यांस आकांक्षा होती. काकिनाडा भागातील एक धर्मादाय निधी आणि श्वशुर यांच्या मदतीवर, थोड्या वर्षांत परत यावयाचे असे ठरवून, पत्नीस मागे ठेवून ते निघाले आणि १९२२-२३ च्या सुमारास बोस्टन शहरी पोहोचले. हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. आपल्याकडील सनद तेथे रोगी तपासण्यास उपयोगी पडेना. तेव्हा या डॉक्टरने एका रुग्णालयात रात्रपाळीस हलक्या सेवकाची नोकरी पत्करली. रोग्यांची मलमूत्राची भांडी साफ करावयाची आणि दिवसा वर्गात बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या परदेशगमनानंतर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला. बापाने आपल्या मुलाचे तोंड कधी पाहिले नाही.

उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यासक्रम पुरा करून सुब्बाराव हार्वर्डच्या जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्क या अध्यापकांच्या हाताखाली काम करू लागले. रक्तात व मूत्रात फॉस्फरसचे प्रमाण किती आहे हे मोजण्याची एक सुलभ रीत या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. ती फिस्क-सुब्बाराव पद्धती या नावाने जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. १९२७ साली त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य शोधून काढले, आणि १९२९ साली ए. टी. पी. या द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कार्ल लोमान या जर्मन शास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे तोच शोध लावला होता. आपण हात उचलतो, धावतो किंवा नुसता श्वास घेतो, त्यासाठी लागणारी शक्ती शरीरातील पेशी या ए. टी. पी.मधून घेतात. इतके मोठे काम करूनही विद्यापीठाने त्यांस कायम केले नाही. १९४० साली त्यांनी हार्वर्ड सोडले, आणि न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर या गावी लेडर्ले नावाच्या औषधांच्या कारखान्यात ते संशोधनाचे काम पाहू लागले. तेथे त्यांच्या हाताखाली शास्त्रज्ञांचे मोठे पथक होते.

लेडर्लेमध्ये ज्या द्रव्याच्या पाठीस सुब्बाराव लागले, त्याच्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईस येऊन पोहोचतो. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यविदुषी मुंबईस आल्या होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांस एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होई आणि त्यात कित्येकींचा अंत होई. या स्त्रियांच्या आहारात काहीतरी उणे आहे असे विल्सबाईंस दिसून आले. यीस्टचा अर्क, जो विलायतेत मार्माइट या नावाने स्वस्त मिळे, तो दिल्याने या रोगिणी बऱ्या होतात असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र तेव्हा उमगले नव्हते. १९४१ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या भाजीतून अशाच गुणाचे द्रव्य अल्प प्रमाणात वेगळे केले. लॅटिन भाषेत पानास जो शब्द आहे, त्यावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. परंतु टनावारी भाजी आटवून चिमूटभर औषध काढावयाचे, तर ते गरिबाच्या वाट्यास कसे यावे? सुब्बारावांच्या पथकाने त्या द्रव्याची घडण ओळखली आणि १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. फॉलिक ॲसिड विपुल व स्वस्त झाले. ते रक्तक्षयावर गुणकारी ठरलेच, शिवाय संग्रहणीच्या रोग्यांसही त्याने उतार पडू लागला. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्याचे औषध अशा रीतीने सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेत बनले.

आता कर्करोगाकडे वळू. आपल्या हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तीत रक्तातील पेशी जन्म घेतात. ल्यूकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला असता या मज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते, आणि निरोगी पेशींस जागाच उरत नाही. मूल फिकट पडते, वरचेवर ताप येतो, हिरड्यांतून रक्त वाहते, अंगावर काळेनिळे डाग उमटतात. या रोगाची ओळख वैद्यांस १८४५ पासून होती. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली रक्ताचा थेंब ठेवला की निदान होई. परंतु निदान झाल्यावर पुढे करावयाचे काय, हा प्रश्न शंभर वर्षे अनुत्तरित राहिला. शरीरात एके ठिकाणी गाठ असेल, तर शस्त्राने कापावी किंवा क्ष-किरणांनी जाळावी. रोग सर्वांगात वाहणाऱ्या रक्तातच असेल, तर शस्त्र कोठे चालवावे? तीव्र ल्यूकेमिया झालेली मुले बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू पावत.

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे रोगविकृतिशास्त्राचे डॉक्टर होते. ल्यूकेमियाने मेलेल्या मुलांच्या देहांची तपासणी करता करता, जिवंत मुलांसाठी काही करावे असे त्यांस तीव्रतेने वाटू लागले. फॉलिक ॲसिडाने रक्तक्षय बरा होतो. तेव्हा त्याने ल्यूकेमियाही आटोक्यात येईल, या आशेने त्यांनी सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून आलेली फॉलिक ॲसिडाची संयुगे काही रोग्यांस दिली. परिणाम अगदी विपरीत झाला. रोग ओसरण्याऐवजी अधिकच भडकला. औषधाने अपाय झाला हे कबूल करणे कोणासही जड जाते, परंतु फार्बर यांनी ती गोष्ट दडपली नाही. जे द्रव्य मिळाल्याने रोगी पेशी फोफावतात, तेच द्रव्य त्यांच्यापासून तोडले तर त्या उपाशी मरतील, असा विचार त्यांनी त्या विपरीत परिणामातूनच काढला. आता हवे होते ते फॉलिक ॲसिडाच्या विरोधी गुणाचे औषध, आणि ते बनविण्याचे कसब सुब्बारावांच्या पथकापाशी होते.

त्या पथकाने जी द्रव्ये सिद्ध केली, त्यांचे मर्म एका दृष्टांताने सांगता येईल. कुलपात खऱ्या किल्लीसारखीच दिसणारी, पण एका दात्यात फरक असलेली बनावट किल्ली घातली, तर ती आत जाते पण फिरत नाही; आणि ती आत अडकली असता खऱ्या किल्लीसही वाव राहत नाही. फॉलिक ॲसिडाच्या रचनेत अगदी थोडा पालट करून अशी बनावट किल्ली तयार करण्यात आली. पेशी तिला फॉलिक ॲसिड समजून आत घेते आणि तिचे काम ठप्प होते. नवी पेशी निर्माण करण्यास लागणारी सामग्री तयार होत नाही, आणि भराभर वाढणारी पेशी उपासमारीने मरते. डोरिस सीगर या विदुषी व त्यांचे सहकारी यांनी १९४७ साली ॲमिनोप्टेरिन नावाचे असे द्रव्य सिद्ध केले. त्याचेच भावंड शोभणारे मेथोट्रेक्सेट हे औषधही याच प्रयोगशाळेतले.

१९४७ च्या डिसेंबरात फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देण्यास आरंभ केला. जून १९४८ मध्ये त्यांनी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात सोळा मुलांस हे औषध दिल्याचे व त्यांपैकी दहांस उतार पडल्याचे नमूद आहे. अंथरुणास खिळलेली मुले उठून खेळू लागली. ल्यूकेमियाच्या इतिहासात रसायनाच्या बळावर अशी माघार रोगाने प्रथमच घेतली होती. तथापि हा विजय तात्पुरता होता. काही महिन्यांनी रोग उलटला आणि मुले दगावली. औषध जहाल असल्याने तोंडात फोड येत व निरोगी पेशींसही इजा होई. मरणाच्या दारी असलेल्या लेकरांचा छळ लांबविण्यात काय अर्थ, असेही कित्येक डॉक्टर म्हणू लागले. त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु जो रोग कधीच हटत नाही अशी शंभर वर्षांची समजूत होती, तो थोडा काळ तरी हटू शकतो, एवढे सिद्ध झाले होते. यापुढील काम तो काळ वाढविण्याचे होते.

ते काम पाहण्यास सुब्बाराव राहिले नाहीत. फार्बर यांचे निवेदन प्रसिद्ध होऊन दोन-अडीच महिने होतात न होतात तोच, १९४८ च्या ऑगस्टात झोपेतच हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. हत्तीरोगावर आजही वापरले जाणारे डायएथिलकार्बामाझिन हे औषध त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. अनेक जातींच्या रोगजंतूंवर चालणारे ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले औषध बेंजामिन डगर या वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतील सूक्ष्म जीवापासून मिळविले, तेही सुब्बारावांच्याच विभागात. परंतु आपले नाव पुढे करण्याची त्यांस हौस नव्हती. सहकाऱ्यांच्या यशाच्या समारंभात ते मागील रांगेत जाऊन बसत, असे सांगतात. आपल्या भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९५ साली टपालाचे तिकीट काढले.

त्यांच्या मागे त्या औषधाने काय केले, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. १९५६ साली मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ या डॉक्टरांनी, वारेपासून उद्भवणाऱ्या एका दुर्धर कर्करोगावर मेथोट्रेक्सेट दिले. हा कर्करोग असलेल्या स्त्रीच्या मूत्रात एक विशिष्ट संप्रेरक आढळते. गाठी दिसेनाशा झाल्या तरी संप्रेरकाचा अंश उरला असेल, तर रोग पुरता गेलेला नाही, असे धरून ली यांनी औषध चालू ठेविले. त्या रोगिणी कायमच्या बऱ्या झाल्या. डोळ्यांस न दिसणारा रोग मोजता येणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यायोगे कळून आले. पुढे १९६० नंतर मुलांच्या ल्यूकेमियावर एकच औषध देण्याऐवजी मेथोट्रेक्सेटसह तीन-चार औषधे एकत्र देण्याची रीत पडली. रोगी पेशी मेंदूच्या आवरणात दडून बसतात असे आढळल्यावर, पाठीच्या कण्यातील द्रवातही औषध देऊ लागले. अशा रीतीने पावलापावलाने पुढे जात, ज्या रोगात एकही मूल वाचत नसे, त्याच्या मुलांत मुख्यत्वे आढळणाऱ्या प्रकारातून आज पुढारलेल्या देशांत शंभरातील सुमारे नव्वद मुले वाचतात.

निदानाची कलाही मागे राहिली नाही. ल्यूकेमिया हा एकच रोग नसून त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि ज्याचा प्रकार वेगळा त्याचा उपचारही वेगळा, हे आता सर्वमान्य आहे. १९६० साली फिलाडेल्फिया शहरी, ल्यूकेमियाच्या एका प्रकारात पेशीतील एक गुणसूत्र बिघडलेले असते असे आढळले. त्याच बिघाडावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली वापरात आले. आज रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वैद्य थांबत नाहीत. मज्जा तपासून, पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा व गुणसूत्रे पाहूनच ते औषधयोजना ठरवितात.

पालकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण अजून कमी पडते. निदानास होणारा विलंब आणि मध्येच सोडून दिलेला उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. मुलाचा ताप हटत नसेल, ते फिकट दिसत असेल, हाडे दुखतात म्हणत असेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग पडत असतील, तर दृष्ट लागली म्हणून स्वस्थ बसू नये. रक्त तपासून घ्यावे. बहुतेक वेळा कारण साधेच निघेल. परंतु रोग निघालाच, तर त्याचे नाव उच्चारावयास भिऊ नये व तो लपवूही नये. मुंबईस परळ येथे १९४१ साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचे उपचार होतात, आणि पुरे उपचार घेतलेली कितीतरी मुले आज मोठी होऊन संसारास लागली आहेत.

सुब्बारावांच्या आयुष्याची एक बाजू मात्र मनास चटका लावते. थोड्या वर्षांत येतो म्हणून गेलेले सुब्बाराव मायदेशी परत आलेच नाहीत. एक काम पुरे होते न होते तोच दुसरे उभे राही, आणि परतण्याचा दिवस पुढे ढकलला जाई. इकडे शेषगिरीबाई पंचवीस वर्षे वाट पाहत राहिल्या, आणि अखेर आली ती मृत्यूची वार्ता. लाखो मुलांच्या आयांचे अश्रू ज्या शोधाने पुसले, त्याची किंमत दूर भारतात बसलेल्या एका स्त्रीनेही मोजली आहे. सुब्बारावांचे स्मरण करताना तिचे स्मरण न करणे हा अन्याय होईल.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी आपल्यापैकी काही जण घरी जाण्यास कचरतील. त्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी भीमावरमच्या त्या मुलाची आठवण करावी, आणि दोन अपयशांनंतर त्यास तिसऱ्यांदा परीक्षेस बसविणाऱ्या त्याच्या आईचीही करावी. तिने त्या दिवशी धीर सोडला असता, तर सुब्बाराव काशीच्या घाटावर केळी विकीत राहिले असते. संग्रहणीने त्या घरातील दोन मुलगे नेले. आज त्याच संग्रहणीवर डॉक्टर जी दोन औषधे देतात, त्यांपैकी एक फॉलिक ॲसिड आणि दुसरे टेट्रासायक्लिन वर्गातील. या दोहोंचाही उगम तिच्या तिसऱ्या मुलाच्या प्रयोगशाळेत आहे.